यमक्या वामनाच्या मुलुखांतून

‘रॅप’ या नांवानें ओळखला जाणारा जो एक पठणाचा प्रकार हल्लींच्या तरुण मंडळींच्या कानांतील यंत्रांतून अष्टौप्रहर चालू असतो, त्याविषयीं या सदरांत लिहावें असें आमच्या मनांत स्वतःहून कधीं आलें नसतें. आमचा जन्म शुद्धलेखन तपासण्यांत आणि रूपें घोकून घेण्यांत गेला. तथापि गेल्या महिन्यांत लातुराहून एका भगिनींचें पत्र आलें, आणि तें अशा प्रकारचें आहे कीं दोन ओळींचें खाजगी उत्तर पाठवून मोकळें होतां येईना.

पत्राचा मतलब थोडक्यांत असा. घर एकत्र, चार भावांचें. धाकट्या दिरांचा सतरा वर्षांचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीस जातो. लातुरांत सध्यां त्या परीक्षेचें माहात्म्य केवढें आहे हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. पदार्थविज्ञानाच्या वहीच्या मागील पानांवर त्यानें रॅपच्या ओळी लिहिलेल्या सांपडल्या. वडिलांनीं ती वही सर्वांसमक्ष फाडली, ‘हे मवाल्यांचे धंदे या घरांत चालणार नाहींत’ असें बजावलें, आणि तेव्हांपासून बापलेक एकमेकांशीं बोलत नाहींत. एकाच पंक्तीस बसतात, पण वरण हवें असल्यास तें तिसऱ्याच्या तोंडून मागविलें जातें. भगिनींचें विचारणें एवढेंच आहे: “हें काव्य आहे कीं नाहीं, तें आपण मास्तर या नात्यानें सांगावें. आपण नाहीं म्हणालांत तर मुलास समजावीन. होय म्हणालांत तर भाऊजींस.” मुलाच्या विशेष आवडीचा संघ मुंबईचा ‘स्वदेशी’ असून त्यांचा ‘चेतावनी’ नांवाचा गीतसंग्रह, ज्यास आल्बम म्हणतात, तो ऐकून मगच मत द्यावें, अशीही त्यांची अट आहे. अट रास्त आहे. पुस्तक न उघडतां परीक्षण लिहिणारांची संख्या आपल्याकडे आधींच पुष्कळ आहे.

आम्हीं तो संग्रह ओळीनें तीन रात्रीं ऐकला. पहिल्या रात्रीं फारसें हातीं लागलें नाहीं. गति मोठी, आणि शब्द एकावर एक चढलेले. दुसऱ्या रात्रीं नातवास शेजारीं बसवून अडलेले शब्द विचारून घेतले. (एरव्हीं आम्ही विचारतों आणि त्यास येत नाहीं, त्या रात्रीं हा क्रम उलटला, म्हणून स्वारी फार खुशींत होती.) तिसऱ्या रात्रीं मात्र आम्ही बोटांच्या पेरांवर मात्रा मोजूं लागलों, आणि तेव्हांपासून वाट सोपी झाली.

‘स्वदेशी’ हा मुंबईंत जमलेला तरुणांचा मेळ आहे. हिंदी, मराठी, गुजराथी अशा अनेक भाषांतून त्यांचें पठण चालतें. ‘चेतावनी’ हा त्यांचा पहिला मोठा संग्रह. ‘आझादी रेकॉर्ड्स’ या संस्थेनें तो २०२० सालीं प्रसिद्ध केला. हिंदींत चेतावनी म्हणजे इशारा. मराठी कानास मात्र त्यांत ‘चेतविणें’ हें आपलें क्रियापद ऐकूं येतें. विस्तव चेतवावा, चूल चेतवावी, तसें. मूळ धातु दोहोंकडे एकच, चित्. मंडळींचीं टोपणनांवें वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पाडणारींच आहेत. एकाचें नांव एम्. सी. मवाली, दुसऱ्याचें एम्. सी. तोडफोड. पण येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ‘एम्. सी.’ हीं ज्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें, त्यांचा अर्थ समारंभाचा चालक, म्हणजे आपल्या नाटकांतला सूत्रधार. आणि लातूरच्या गृहस्थांनीं जो ‘मवाली’ शब्द रागानें उच्चारला, तो त्या कवीनें आधींच स्वतःस लावून घेतलेला आहे. मारणाराच्या हातांतील काठीच त्यानें काढून घेतली. तिसरा अमरावतीचा. तो आपलें नांव लिहितांना आधीं शंभराचा आंकडा काढतो व त्यापुढें आर, बी, एच हीं इंग्रजी अक्षरें. शंभरास हिंदींत ‘सौ’. तेव्हां ‘सौ’ आणि ‘रभ’ मिळून सौरभ. कूटश्लोक सोडविण्यांत ज्यांनीं उन्हाळ्याच्या सुट्या घालविल्या आहेत त्यांस ही युक्ति ओळखीची वाटेल. आमच्या सूनबाईंनीं तें नांव ‘सौ. रभ’ असें वाचून घरांत हंशा पिकविला, तो भाग वेगळा.

या साऱ्या प्रकाराचें मूळ अमेरिकेंत आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स नांवाच्या गरीब भागांत, ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं, जमैका बेटांतून आलेल्या एका कुटुंबांतील मुलीनें शाळेसाठीं नवे कपडे घ्यावयास पैसे जमावेत म्हणून आपल्या इमारतीच्या दिवाणखान्यांत नाचगाण्याचा समारंभ योजिला. तेथें तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह कँबेल यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, त्यांतील केवळ वाद्यांचा जो तुकडा नाचणारांस आवडे, तोच आलटून पालटून लांबविला. त्या लांबलेल्या ठेक्यावर कोणीतरी यमकें जुळवून बोलूं लागला, एवढीच या कलेची जन्मकथा. कपड्यांच्या पैशांसाठीं निघालेली ही गोष्ट पुढें जगभर पसरली, आणि २०१८ सालीं केंड्रिक लमार या रॅपकवीच्या संग्रहास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. पारितोषिकावरून काव्य ठरत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घरांत अमेरिकेंतील पदवीस मान आहे त्या घरांत हें नमूद केलेलें बरें.

आतां मात्रांकडे वळूं. रॅपचें एक आवर्तन चार ठोक्यांचें. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले म्हणजे सोळा मात्रा झाल्या, अर्थात् अष्टमात्रकाचीं दोन आवर्तनें. माधव जूलियनांनीं ‘छंदोरचना’ या ग्रंथांत ज्यास पद्मावर्तनी असें गोड नांव दिलें, त्याच कुळांतली ही चाल आहे. फरक इतकाच कीं पद्यांत अक्षरें मात्रांवर शहाण्या मुलांसारखीं बसतात, आणि येथें तीं मुद्दाम ठोक्याच्या आधीं उडी घेतात किंवा मागें रेंगाळून शेवटीं धांवत येऊन गांठतात. यमकांचें तर राज्यच. ओळीच्या अखेरीस एक यमक साधून हे लोक थांबत नाहींत. ओळीच्या पोटांत, दोन दोन तीन तीन अक्षरांचीं, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडांत अशीं तीं गुंफलेलीं असतात. शास्त्रशुद्ध बोलावयाचें तर यांतील पुष्कळसें यमक नव्हे, अनुप्रास होय. पण ज्यांनीं दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा तिसरा परिच्छेद पाहिला आहे, त्यांस पादाच्या आदीं, मध्यें व अंतीं यमकें कोठें कोठें बसवितां येतात याचा तो भला मोठा हिशेब आठवेल. त्या हिशेबाचे विद्यार्थी आज हे आहेत, त्यांस दंडी ठाऊक असो वा नसो.

आणि आम्ही नांदेडकडच्या लोकांनीं तरी यमकांस नाक कां मुरडावें? वामनपंडितांचें शेष घराणें मूळचें नांदेडचें, असें परंपरा सांगते. वामन एक कीं अनेक हा वाद पंडितांनीं पुष्कळ घातला आहे. परंतु ‘यमक्या वामन’ हें नांव महाराष्ट्रानें त्यांस दिलें, तें कांहीं निव्वळ कौतुकानें नव्हे. त्यांत थोडी थट्टाही होती. पुढें मोरोपंतांसही यमकांच्या हव्यासाबद्दल असेंच ऐकून घ्यावें लागलें. थट्टेनें पडलेलें नांव कालांतरानें पदवी होऊन बसतें, तर एम्. सी. मवाली यांसही धीर धरावयास हरकत नाहीं.

हे तरुण अगदीं स्वैर आहेत, शिस्त म्हणून कांहीं नाहीं, अशी जी समजूत आहे तिजबद्दल एक हकीकत सांगतों. मुंबईचे मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनीं या मंडळींतील कांहींजणांस हाताशीं धरून कर्नाटक संगीतांतील बोल शिकविले. ‘तकिट’ तीनाचें, ‘तकधिमि’ चाराचें, ‘तकतकिट’ पांचाचें. दक्षिणेंत मृदंगाचे हे बोल तोंडानें म्हणण्याची स्वतंत्र विद्याच आहे. त्या बोलांच्या सांच्यांत आपापल्या भाषांतले शब्द बसवून त्यांनीं जें गाणें तयार केलें, तें २०१९ च्या ‘गली बॉय’ या बोलपटांत ‘इंडिया ९१’ या नांवानें आलें. आमच्या ओळखीचे एक वृद्ध घनपाठी आहेत, त्यांस तें ऐकविलें असतां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत आणि मग, “श्वास कोठें घेतो तो?” एवढेंच विचारते झाले. पाठ करणाऱ्यानें पाठ करणाऱ्यास विचारावा असाच तो प्रश्न होता.

तथापि लातूरचे गृहस्थ येथें म्हणतील, आणि तें रास्त होईल, कीं यमकें व मात्रा म्हणजे काव्य नव्हे. तसें असतें तर पंचांगांतलीं कोष्टकेंही काव्य ठरलीं असतीं. सांगावयाचें काय आहे, तें बोला. तर तेंच आतां बोलतों.

‘चेतावनी’च्या अगोदर, २०१९ सालीं, याच मंडळींनीं ‘दि वारली रिव्होल्ट’ हें गाणें प्रसिद्ध केलें. मुंबईंत गोरेगांवाकडे आरे म्हणून दुग्धवसाहत आहे. तिच्या झाडींत वारली वगैरे आदिवासींचे पाडे आहेत. त्या भागांत मेट्रो रेल्वेच्या तिसऱ्या मार्गाचें आगार बांधण्यासाठीं झाडें तोडावयाचें ठरलें. उच्च न्यायालयानें ता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं विरोधाचे अर्ज फेटाळले, त्याच रात्रीं करवती चालूं झाल्या, आणि ता. ७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें आडवीं झालीं होतीं. आरेंतच राहणारे आदिवासी गृहस्थ प्रकाश भोईर यांचा स्वतःचा आवाज या गाण्यांत आहे. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें. आदिवासींविषयीं कविता आपल्याकडे थोड्या नाहींत. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत रानाची, पाड्याची, मोराची वर्णनें आम्हींच शिकविलीं. परंतु ज्याचें रान, तोच गाण्यांत उभा राहून बोलत आहे आणि बाकीचे त्यास ताल धरून आहेत, असा देखावा विरळा.

मेट्रो नको असें आमचें म्हणणें नाहीं. लोकलच्या दारास लोंबकळून जाणाऱ्या आमच्याच भाचे-पुतण्यांस ती हवी आहे. आगार कांजूरमार्गास न्यावें असें २०२० त ठरलें, २०२२ त तें परत आरेंत आलें, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें त्या मार्गाचा पहिला टप्पा चालूंही झाला. गाण्यानें झाडें वांचलीं नाहींत. तेथें माणसें राहत होतीं व आहेत, एवढें मात्र ज्यांस ठाऊक नव्हतें अशा लाखों मुलांच्या तोंडीं बसलें. आमच्या नातवास वारली म्हणजे भिंतीवरचीं पांढरीं चित्रें एवढेंच माहीत होतें. तीं काढणारीं माणसें कोठें राहतात हा प्रश्न त्यानें या गाण्यानंतर प्रथम विचारला.

गाण्याच्या नांवांतलें बंडही काल्पनिक नव्हे. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्याच्या तलासरी-डहाणू भागांतील वारल्यांनीं वेठबिगार आणि ‘लग्नगडी’ यांविरुद्ध उठाव केला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठीं घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायीं नवराबायको दोघांनीं सावकाराच्या घरीं जन्मभर राबणें. त्या उठावाच्या पुढारी गोदावरी परुळेकर या माहेरच्या गोखले; पुण्याच्या सुखवस्तु, सुशिक्षित घरांतल्या, कायद्याच्या पदवीधर. ज्या घरांत मासिकें येतात, मुलींस शिकवितात, आणि पंक्तीस वरण दुसऱ्याकरवीं मागवितात, तशाच एका घरांतली ही मुलगी. त्यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं निघालें व त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तें आमच्या बहुतेक वाचकांच्या कपाटांत असेल. कपाटांतलें पुस्तक मान्य आणि कानांतलें गाणें अमान्य, याची संगति कशी लावावी तें आम्हांस सुचत नाहीं.

मवाल्यांचा धंदा हा आक्षेप तर जुनाच आहे. सोलापूरचे राम जोशी वैदिक घराण्यांतले. वडील बंधु मुद्गल जोशी मोठे व्युत्पन्न पुराणिक. आणि हे चिरंजीव धोंडी शाहिराच्या तमाशाच्या फडांत जाऊन बसत. बंधूंनीं घरांतून घालवून दिलें. पुढें त्यांनीं पंढरपुरास राहून संस्कृताचा अभ्यास केला, तरी लावणी सोडली नाहीं; उलट संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी अशा भाषांची सरमिसळ करून लावण्या रचल्या. स्वतः मोरोपंतांनीं त्यांचें गुणवर्णन केलें असें सांगतात. बंधूंच्या विद्वत्तेबद्दल संशय नको, पण आज मुद्गल जोशी हें नांव आपण उच्चारतों तें केवळ राम जोशांस घराबाहेर काढल्यामुळें. १९४७ सालीं त्यांच्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला, तेव्हां आपल्याच घरांतील मंडळी गाड्या करून तो पाहावयास गेल्या होत्या.

आमच्या लोहा तालुक्यांत माळेगांवास मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट यांचा बाजार, कुस्त्या, लावणीचे फड, सर्व कांहीं. तेथें वाघ्यानें दिमडीवर थाप मारून एका श्वासांत नांवांची माळ ओवलेली ज्यानें ऐकली आहे, त्यास रॅप परदेशी वाटणार नाहीं. आम्हांस तर वाटतें, ब्राँक्सहून निघालेली ही गोष्ट फार लांबच्या वळणानें माळेगांवासच येऊन पोंचली आहे.

या प्रकारांत आम्हांस न आवडणारेंही पुष्कळ आहे, तें झांकून ठेवीत नाहीं. पुष्कळ रॅपकवींच्या तोंडीं शिव्या असतात, आणि स्वतःच्या गाड्या, दागिने व शत्रु यांची फुशारकी असते. शिवी ही बहुधा सुचलें नाहीं याची खूण. शिमग्यांतही ती असते, पण शिमगा वर्षांतून एकदां येतो. स्त्रियांविषयीं जें बोललें जातें तें तर पुष्कळदां कानांवर हात ठेवावेत असेंच. मुलांनीं काय ऐकावें हें वडिलांनीं पाहिलें पाहिजे. पण पाहण्यासाठीं आधीं ऐकलें पाहिजे, आणि तेवढा वेळ कोणाजवळ नाहीं.

एम्. सी. तोडफोड याचें खरें नांव धर्मेश परमार. तो मुख्यतः गुजराथींत म्हणे. ‘इंडिया ९१’ मध्येंही त्याचा आवाज आहे. ता. २० मार्च २०२२ रोजीं तो वारला, तेव्हां त्याचें वय २४ वर्षांचें होतें. दुसऱ्या रात्रीं नातवानें हें सांगितलें, आणि त्यानंतर जें कडवें लागलें त्यांत तोच बोलत होता. घरांतल्या कोणीं यंत्र बंद केलें नाहीं.

आतां लातूरच्या भगिनींस. हें काव्य आहे. सगळें नाहीं, जसे सगळे श्लोकही काव्य नसतात. आपल्या दिरांची चिंता मात्र खोटी नाहीं. परीक्षा खरी आहे, जागा थोड्या आहेत, आणि एक वर्ष वांया गेलें तर एकत्र घराच्या तिजोरीवर त्याचा भार पडतो; यमकांनीं शुल्क भरतां येत नाहीं, हें मुलासही सांगा. परंतु त्यांस आमच्या वतीनें एक विचारा. वहीस, पुस्तकास चुकून पाय लागला तर ते आजही वांकून हात डोळ्यांस लावीत असतील. मग तीच वही फाडतांना त्यांस कसें वाटलें? उत्तर आम्हांस कळविण्याचें कारण नाहीं. त्यांनीं तें मुलास सांगितलें तरी पुरे.

आपण फाटलेले तुकडे डब्यांत जपून ठेवले आहेत आणि त्यांतल्या चार ओळी जुळवून पाठविल्या आहेत, हें फार चांगलें केलें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी आणावें लागलें, टांक्यांभोंवतीं जमावबंदी पुकारावी लागली, तेव्हां हा मुलगा बिगरी-पहिलींत असेल. घागरीच्या रांगेंत आईचा पदर धरून उभें राहिल्याचें त्यास इतकें नेमकें आठवतें हें त्या ओळींवरून दिसतें. पहिल्या दोन ओळी आम्हीं तशाच ठेविल्या आहेत. तिसरींत ताल एके ठिकाणीं लंगडतो, तेथें पेन्सिलीनें खूण केली आहे. चवथींत ‘पाणी’ शीं ‘वाणी’ जुळविलें आहे. तें फार झिजलेलें आहे, शिवाय रांगेंत वाणीचें कांहीं काम नाहीं. ‘अनवाणी’ घेऊन पाहावें. दोन मात्रा वाढतील, त्यांसाठीं आरंभींचा ‘मग’ काढून टाकावा.